शैक्षणिक संशोधनाची एक पद्धती म्हणून तात्त्विक चिकित्सा : उल्हासनगरमधील ‘मातृभाषे’च्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

शैक्षणिक संशोधनाच्या पाठ्यपुस्तकांत संशोधनपद्धतींची ऐतिहासिक, वर्णनात्मक आणि प्रायोगिक अशी त्रिविध वाटणी रूढ झालेली आहे. या वाटणीत तत्त्वचिंतनाला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळते. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात काही व्याख्या उद्धृत कराव्यात, दोन-चार शिक्षणतज्ज्ञांची नावे घ्यावीत, आणि मग प्रश्नावली, नमुना, सारणी व निष्कर्ष या खऱ्या संशोधनाकडे वळावे, असाच परिपाठ दिसतो. तात्त्विक विवेचन म्हणजे संशोधनाची नांदी, संशोधन नव्हे, अशी समजूत या परिपाठामागे आहे.

ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तात्त्विक चिकित्सा ही स्वतंत्र संशोधनपद्धती आहे, तिला स्वतःची सामग्री, स्वतःची कार्यरीती आणि स्वतःचे निष्कर्ष असतात, आणि काही प्रश्नांच्या बाबतीत ती वगळल्यास पुढील सर्व सांख्यिकी परिश्रम निष्फळ ठरतात, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. असे प्रतिपादन हवेत करण्यापेक्षा एका प्रश्नावर ती पद्धती चालवून दाखवणे अधिक उचित होय. त्यासाठी ‘मातृभाषा’ ही संकल्पना निवडली आहे. आणि ती जेथे सर्वाधिक अडचणीत येते असे एक स्थळ, उल्हासनगरचा कॅम्प १, दृष्टीसमोर ठेवले आहे.

मराठी विभागाच्या नियतकालिकात हा विषय अप्रस्तुत वाटू नये. ‘दलित साहित्य’ कोणते आणि ‘ग्रामीण साहित्य’ कोणते, या वादांत लेखकाचा जन्म, कृतीचा विषय आणि कृतीतील जाणीव हे तीन निकष परस्परांपासून वेगळे करण्यासाठी आपल्या समीक्षेने मोठे श्रम घेतले आहेत. ‘मातृभाषा’ या शब्दाच्या बाबतीत मात्र तेवढी चिकित्सा आपण केलेली नाही. तो शब्द आपल्याला स्वयंस्पष्ट वाटतो, आणि अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

२. पद्धतीचे स्वरूप

तात्त्विक चिकित्सेची रीत शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने शास्त्राची प्रवृत्ती त्रिविध सांगितली आहे : उद्देश, लक्षण आणि परीक्षा. उद्देश म्हणजे विचारविषयाचा नामनिर्देश; लक्षण म्हणजे त्या विषयाला इतरांपासून वेगळे करणारा धर्म सांगणे; आणि परीक्षा म्हणजे सांगितलेले लक्षण त्या विषयाला खरोखर लागू पडते की नाही याचा प्रमाणांनी केलेला निर्णय. लक्षणाचे तीन दोषही नैयायिकांनी निश्चित केले आहेत. लक्ष्यापैकी काही उदाहरणे लक्षणातून सुटली तर अव्याप्ती, लक्ष्याबाहेरची उदाहरणे आत आली तर अतिव्याप्ती, आणि लक्षण कोणत्याच लक्ष्याला लागू पडले नाही तर असंभव.

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य शिक्षणतत्त्वज्ञान वेगळ्या वाटेने याच्या जवळ आले. इझ्राएल शेफ्लर यांनी १९६० मध्ये शिक्षणाच्या भाषेतील व्याख्या, घोषवाक्ये आणि रूपके यांची छाननी केली. जॉन विल्सन यांनी १९६३ मध्ये संकल्पनांचे विश्लेषण करण्यासाठी आदर्श उदाहरण, विरुद्ध उदाहरण, सीमावर्ती उदाहरण आणि कल्पित उदाहरण अशी साधने सुचविली. सीमावर्ती उदाहरणाचे काम आणि अव्याप्ती-अतिव्याप्ती दाखविण्याचे काम यांत तत्त्वतः भेद नाही.

या पद्धतीची सामग्री म्हणजे शब्दाचे प्रत्यक्ष प्रयोग, कायद्यांतील व अहवालांतील व्याख्या, आणि त्या व्याख्यांची कसोटी घेणारी उदाहरणे. उदाहरण कल्पित असले तरी चालते, कारण त्याच्या आधारे असे किती आहेत हे सांगावयाचे नसते; असे एक जरी संभवत असेल तर व्याख्या टिकते काय, एवढेच पाहावयाचे असते. या पद्धतीचा निष्कर्ष खोटाही ठरू शकतो. त्यासाठी एक प्रतिउदाहरण पुरेसे असते. म्हणून ती वैयक्तिक मतप्रदर्शनाहून निराळी आहे.

३. उद्देश : प्रश्न कोठे उभा राहतो

मुलाचे शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. १८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा पक्ष घेतला, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पुरस्कार केला. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. रयतेच्या करातून जमणारा पैसा मूठभरांच्या उच्च शिक्षणावर खर्च व्हावा काय, असा प्रश्न त्यात त्यांनी विचारला, आणि वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आज आपण ज्याला शिक्षणाचे तत्त्वज्ञान म्हणतो त्याचाच तो एक नमुना होय. किती मुले शाळेत जातात या माहितीला कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी या प्रश्नाची जोड मिळताच तिचा अर्थ पालटतो, हे फुल्यांनी दाखवून दिले.

शंकरशेटांच्या काळापासून आजपर्यंत ‘मातृभाषा’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट चित्र असते. आईची भाषा, घरची भाषा, गावची भाषा आणि प्रांताची भाषा एकच आहे, असे ते चित्र. विल्सन यांच्या परिभाषेत हे आदर्श उदाहरण. या चित्रात ‘मातृभाषा म्हणजे काय’ हा प्रश्न उद्भवतच नाही.

तो उद्भवतो उल्हासनगरसारख्या ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावण्या उभारल्या गेल्या होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांत आसरा देण्यात आला. ही संख्या एक लाखाच्या आसपास होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचा पायाभरणी समारंभ झाला आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराचे विभाग मात्र अद्याप कॅम्प १ ते कॅम्प ५ याच नावांनी ओळखले जातात, आणि पत्त्यात बॅरकचा क्रमांक अजूनही लिहिला जातो. यांपैकी कॅम्प १ शहाडच्या बाजूचा. तेथे सिंधी कुटुंबांच्या शेजारी मराठी कुटुंबे आहेत आणि उत्तर भारतातून कामाच्या शोधात आलेली हिंदी व भोजपुरी बोलणारी कुटुंबेही आहेत. भोवतालच्या गावांत आगरी बोली नांदते.

येथे एक ऐतिहासिक विडंबनाही लक्षात घ्यावी लागते. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे सिंधी आणि मराठी या दोन्ही भाषांतील शाळा दीर्घकाळ एकाच इलाख्याच्या शिक्षणव्यवस्थेत होत्या. पुढे १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या रचनेत प्रत्येक मोठ्या भाषेला भूमी मिळाली. सिंधीची भूमी मात्र देशाबाहेर राहिली. १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तरी तिला राज्य नाही ते नाहीच. ‘मातृभाषेतून शिक्षण’ याचा व्यवहारातील अर्थ ‘राज्यभाषेतून शिक्षण’ असाच होत आला असल्याने, या भाषेच्या बाबतीत त्या तत्त्वाचे काय करावयाचे, हे कोणीच स्पष्ट सांगितले नाही.

४. लक्षण : चार व्याख्या

आता मातृभाषेची जी लक्षणे प्रमाण मानली जातात ती क्रमाने घेऊ. त्यांची कसोटी घेण्यासाठी कॅम्प १ मधील एक मुलगी कल्पावी. तिची आजी घरात सिंधी बोलते. आई-वडील परस्परांशी सिंधी आणि मुलीशी हिंदी बोलतात. मुलीला सिंधी समजते, पण उत्तर ती हिंदीत देते. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे; मराठी ती विषय म्हणून शिकते आणि शेजारच्या मैत्रिणींशी थोडीफार बोलते. कोणी विचारले तर ती ‘आम्ही सिंधी’ असे सांगते. हे उदाहरण कल्पित आहे, परंतु असंभाव्य नाही, हे या परिसरातील वाचकाला सांगण्याची गरज नाही.

पहिले लक्षण जनगणनेचे. व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत होती ती मातृभाषा. आई लहानपणीच वारली असल्यास घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. या लक्षणानुसार आपल्या मुलीची मातृभाषा हिंदी ठरते, मग तिच्या आईची मातृभाषा सिंधी का असेना. मुलगी आणि तिचे कुटुंब मात्र हे मान्य करणार नाहीत. गणकापुढे ते ‘सिंधी’ असेच सांगतील. म्हणजे लक्षण एक सांगते आणि लोक दुसऱ्याच अर्थाने उत्तर देतात. शिवाय सांगितलेली नावे पुढे मोठ्या भाषांखाली एकत्र केली जातात : २०११ च्या जनगणनेत २७० मातृभाषा १२१ भाषांखाली मांडल्या गेल्या, त्यांत भोजपुरी हिंदीखाली आणि कच्छी सिंधीखाली येते. आकडा हाती येतो, पण तो नेमका कशाचा, हे अनिश्चित राहते.

दुसरे लक्षण युनेस्कोचे. प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषा हेच सर्वोत्तम माध्यम, हे तत्त्व युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाने स्वयंसिद्ध मानले. मातृभाषा म्हणजे आरंभीच्या वर्षांत आत्मसात केलेली आणि सामान्यतः विचाराचे व संज्ञापनाचे स्वाभाविक साधन बनलेली भाषा, अशी तिची व्याख्या त्यात आहे. येथे दोन अटी आहेत, पहिलेपणाची आणि स्वाभाविकतेची, आणि ‘सामान्यतः’ या एका शब्दाने त्या जोडल्या आहेत. जेथे सामान्य स्थिती नाही तेथे त्या सुट्या होतात. आपल्या मुलीच्या कानावर प्रथम दोन भाषा एकदमच पडल्या, आणि वयाच्या दहाव्या वर्षी तिचा हिशेब व अभ्यास तिसऱ्या भाषेत चालतो. दोन्ही अटी निर्विवादपणे पुऱ्या करणारी भाषा तिच्यापाशी नाही. मग तिला मातृभाषाच नाही असे म्हणावयाचे काय? हा अव्याप्तीचा दोष होय.

तिसरे लक्षण कोठेही लिहिलेले नाही, पण शाळांच्या व्यवहारात तेच चालते : प्रांताची प्रमाणभाषा ती त्या प्रांतातील मुलांची मातृभाषा. याला अतिव्याप्तीचा दोष लागतो. आगरी घरातून आलेल्या मुलाची नोंद ‘मातृभाषा मराठी’ अशी होते आणि तेथेच प्रश्न मिटला असे मानले जाते. पाठ्यपुस्तकातील मराठी आणि त्याच्या घरची मराठी यांत जे अंतर आहे ते त्या नोंदीत बुडून जाते. वर्गात त्याचे बोलणे ‘अशुद्ध’ ठरते. मातृभाषेतून शिकत असूनही मातेची भाषा चुकीची, असा धडा त्याला मिळतो. मराठीच्या अध्यापकांनी हे उदाहरण विशेष मनावर घ्यावे, कारण येथे दोष आपल्याच घरचा आहे.

चौथे लक्षण न्यायालयाचे. कर्नाटक शासनाने १९९४ मध्ये पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी मातृभाषेचे किंवा कन्नडचे माध्यम बंधनकारक करणारे आदेश काढले होते. त्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी निर्णय दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क मधील मातृभाषा म्हणजे त्या राज्यातील भाषिक अल्पसंख्य समूहाची मातृभाषा होय. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, आणि शासन माध्यमाची सक्ती करू शकणार नाही, असा त्याचा आशय आहे. येथे लक्षणाची जातच बदलते. पहिली तीन लक्षणे वस्तुस्थितीचे वर्णन करू पाहतात आणि म्हणून चुकू शकतात. चौथे लक्षण निर्णयाचा अधिकार कोणाचा ते सांगते. अधिकार योग्य व्यक्तीला दिला असेल. पण अधिकार असणे आणि उत्तर बरोबर असणे या भिन्न गोष्टी आहेत. मूल कोणत्या भाषेत समजून घेते, हे पालकांच्या घोषणेने ठरत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा आणि प्रादेशिक भाषा ही चारही नावे तिरकस रेघांनी जोडून एकत्र लिहिली आहेत. शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत यांतून शिक्षण द्यावे, असे ते धोरण म्हणते. आदर्श उदाहरणातील गावात ही चार नावे एकाच वस्तूची आहेत. कॅम्प १ मध्ये ती चार वस्तूंची असू शकतात, आणि ती तिरकस रेघ कोणता निर्णय घ्यावा हे सांगत नाही.

५. परीक्षा : युक्तिवादाची फोड

या चिकित्सेतून चार निकष पृथक् होतात : उगम (प्रथम कोणती भाषा मिळाली), प्रभुत्व (कोणती उत्तम समजते), वापर (दैनंदिन व्यवहार कोणत्या भाषेत) आणि आपलेपणा (आपली म्हणून कोणती सांगितली जाते). भाषाविज्ञानात टोव्ह स्कुटनाब-कांगास यांनी असाच चतुर्विध भेद केलेला आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते याच्या पुढचे पाऊल. मातृभाषेतून शिक्षणाच्या समर्थनार्थ जो एक युक्तिवाद म्हणून मांडला जातो, तो वस्तुतः एक नाही.

पहिला युक्तिवाद बोधाचा : परक्या भाषेतून मूल आशयाशी झगडण्याऐवजी शब्दांशी झगडते, म्हणून त्याला कळणाऱ्या भाषेतून शिकवावे. हा युक्तिवाद प्रभुत्वाच्या निकषावर उभा आहे. उगमाशी त्याचा संबंध योगायोगाचा. दुसरा युक्तिवाद वारशाचा : घरच्या भाषेतील गाणी, म्हणी, नात्यांची नावे आणि स्मृती पुढच्या पिढीला मिळाव्यात. हा उगमावर व आपलेपणावर उभा आहे. तिसरा युक्तिवाद न्यायाचा : अल्पसंख्य भाषिकांना आपल्या भाषेवाचून शिक्षण घ्यावे लागू नये. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घातलेला अनुच्छेद ३५० क हा त्याचा आधार. त्याने प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सुविधा देण्याचे प्रयत्न राज्याकडून व स्थानिक प्राधिकरणाकडून अपेक्षिले आहेत.

आदर्श उदाहरणात तिन्ही युक्तिवाद एकाच भाषेकडे बोट दाखवतात, म्हणून ते एकच वाटतात. आपल्या मुलीच्या बाबतीत बोधाचा युक्तिवाद बहुधा हिंदीकडे, वारशाचा सिंधीकडे आणि न्यायाचाही सिंधीकडे जातो. इंग्रजीकडे यांपैकी एकही जात नाही. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. माध्यमाचा निर्णय मुख्यतः बोधाच्या युक्तिवादाने व्हावा. परंतु तेवढ्याने वारशाचे व न्यायाचे ऋण फिटत नाही. ते वेगळ्या मार्गाने, म्हणजे सिंधी हा विषय वर्गात आणून, फेडावे लागते.

त्या विषयाबरोबर लिपीचा प्रश्नही येतो. १८५३ मध्ये प्रमाणित झालेली बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी सिंधमध्ये शिकलेल्या पिढीची. भारतात त्यासोबत देवनागरीही स्वीकारली गेली; सिंधीतील आत ओढून उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनींसाठी ग, ज, ड, ब या अक्षरांखाली रेघ देण्याची योजना त्यात आहे. मराठी व हिंदी शिकणाऱ्या मुलीला देवनागरी सोपी, हे उघड आहे. पण आजीने जपून ठेवलेली पत्रे आणि पुस्तके अरबी लिपीत असतील, तर सिंधी विषय शिकूनही ती त्यांपाशी मुकीच राहील. सोय आणि वारसा येथे पुन्हा वेगळे होतात. कोणती लिपी निवडावी हे चिकित्सा सांगणार नाही. निवडताना काय गमावले जाते हे मात्र ती लपू देणार नाही.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, ही केवळ शब्दांची कीस काढणे आहे; मुलांना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय काय कळणार? यावर उत्तर असे की, तपासणी हवीच, पण कशाची, हे आधी ठरले पाहिजे. ‘मातृभाषा’ असा एकच रकाना असलेली प्रश्नावली कॅम्प १ मध्ये फिरविली, तर कोणी उगम सांगेल, कोणी आपलेपणा, कोणी वापर. या उत्तरांची बेरीज करून माध्यम आणि गुण यांचा सहसंबंध काढला, तर गणित निर्दोष असूनही निष्कर्ष निरर्थक राहील. नमुना दुप्पट केल्याने हा दोष जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. मातृभाषेचे असे तुकडे केल्याने ‘आमच्या मुलाला इंग्रजीच बरी समजते’ म्हणणाऱ्यांचे फावेल आणि मराठीचाही पक्ष दुबळा होईल, अशी भीती व्यक्त होऊ शकते. भीती अनाठायी नाही. तथापि पालकांची आकांक्षा हा चार निकषांपैकी एकही निकष नाही, हे याच चिकित्सेने दिसून येते. मुलाला इंग्रजी यावी ही इच्छा आहे. ती समजण्याजोगी, आदरणीयही असेल. परंतु मुलाला आज इंग्रजी कळते या विधानाचा ती पुरावा होत नाही. प्रभुत्वाचा निकष लावावयाचा तर तो शाळाप्रवेशाच्या वेळी, मुलापाशी बसून, लावला पाहिजे. मराठीच्या पक्षालाही यात लाभच आहे. सर्व शाळांत मराठी विषय अनिवार्य करणारा महाराष्ट्राचा २०२० चा कायदा सिंधी किंवा भोजपुरी घरातील मुलांना मराठी देतो तो राज्याची, शेजाराची, सामायिक व्यवहाराची भाषा म्हणून. ते समर्थन स्वयंपूर्ण आहे. त्यासाठी मराठी ही त्यांची मातृभाषा असल्याचा आभास निर्माण करावा लागत नाही.

तिसरा आक्षेप प्रशासकीय : सिंधीला मागणीच नाही, मग सुविधा कशाला? येथे एक चक्र दडलेले आहे. सुविधा घटते म्हणून मागणी घटते, आणि घटलेली मागणी सुविधा न देण्याचे कारण बनते. सुविधेच्या अभावाने निर्माण झालेली मागणीची उणीव त्याच अभावाचे समर्थन ठरू शकत नाही. हा तर्कदोष उघड करण्यासाठी एकाही सारणीची आवश्यकता नाही.

७. समारोप

तात्त्विक चिकित्सेच्या मर्यादा स्पष्ट आहेत. कॅम्प १ मधील किती मुलांच्या बाबतीत चार निकष चार दिशांना जातात, हे ती सांगू शकत नाही. ते क्षेत्रीय अभ्यासाचे काम. परंतु त्या अभ्यासाने काय मोजावे, हे तिनेच सांगावयाचे असते. प्रस्तुत चर्चेचा व्यावहारिक निष्कर्ष एवढाच की, एका रकान्याच्या जागी चार प्रश्न यावेत : लहानपणी घरात तुझ्याशी कोण कोणती भाषा बोलत असे? गोष्ट कोणत्या भाषेत सांगितली तर तुला पूर्ण समजते? दिवसभरात कोणाशी कोणती भाषा बोलतोस? आणि तुझी भाषा कोणती असे विचारले, तर काय सांगशील?

या चार प्रश्नांची उत्तरे चारही वेळा एकच आली, तर शंकरशेटांच्या काळापासून चालत आलेला शब्द तसाच वापरावयास हरकत नाही. उत्तरे भिन्न आली, तर त्या मुलाला आपण एकाच शब्दाने आजवर किती गोष्टी नाकारल्या, याचा हिशेब शिक्षणव्यवस्थेला द्यावा लागेल. तो हिशेब मांडता येण्याजोगी वही आखून देणे हे संशोधनाचेच काम आहे, त्याची नांदी नव्हे.